तीन नंबरची रांग

“बाई खुर्ची सोडायला तयार नाहीत, उन्मेष. आता उठवायलाच लागणार.”

राजाध्यक्ष सरांनी हे म्हणता म्हणता बिस्किट चहात बुडवलं आणि ते मोडून आत पडलं. मी हसू दाबलं. महाप्याच्या आमच्या डेटा सेंटरचे ते प्रमुख होते. ज्या बाईंबद्दल बोलणं चाललं होतं त्या इंदुमती भिसे, नेटवर्कच्या प्रमुख, म्हणजे माझ्या साहेब. वय छप्पन्न. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

“सोमवारी डॉक्टर वाळिंब्यांची टेस्ट सुरू होतेय,” सर म्हणाले. “तीन दिवस चालणार. पास झाली तर ठीक, बाई निवृत्तीपर्यंत राहतील. फसली, तर त्यांना ट्रेनिंग विभागात हलवतो आणि नेटवर्क तुझ्याकडे. सरळ हिशोब.”

“मॅडमना माहीत आहे हे?”

“मीच सांगितलं काल. म्हणाल्या, ‘बरं.’ बस, एवढंच! दगड आहे बाई.”

केबिनमधून बाहेर पडलो तो मनातल्या मनात मांडे खातच. खोटं कशाला बोलू? टेस्ट फसावी असं मला वाटत नव्हतं, देवाशपथ. पण फसलीच तर, हा विचार काही डोक्यातून जाईना.

ही टेस्ट काय होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डॉक्टर अस्मिता वाळिंबे यांची संस्था तान्ह्या बाळांच्या हृदयाचे स्कॅन वाचायला मशिनांना शिकवत होती. त्यासाठी एकशे अठ्ठावीस मशिनं मिळून एकच गणित सोडवायची आणि क्षणाक्षणाला एकमेकांच्या मेमरीत थेट आकडे लिहायची. साध्या नेटवर्कमध्ये स्विचपाशी, म्हणजे आलेला डेटा पुढे धाडणाऱ्या यंत्रापाशी, गर्दी झाली की स्विच जादा माल सरळ टाकून देतो. पाठवणारा पुन्हा पाठवतो, कोणाचं काही अडत नाही. इथे मात्र एक तुकडा हरवला तरी सगळी मशिनं खोळंबायची. म्हणून त्या कामाला प्रत्येक स्विचवर वेगळी रांग दिलेली असते. रांगा एकूण आठ, आमच्याकडे ही तीन नंबरची. या रांगेतलं काहीही टाकायचं नाही. ती भरत आली की ज्याच्याकडून माल येतोय त्या स्विचला सांगायचं, ‘थांब.’ तोही भरत आला की तो त्याच्या मागच्याला सांगणार, ‘थांब.’ जागा झाली की पुन्हा चालू.

ऐकायला सोपं आहे. पण चोवीस स्विचवर ते अगदी एकसारखं बसावं लागतं. एकावर तीन आणि दुसऱ्यावर चार लिहिलं गेलं, तर एक ‘थांब’ म्हणत राहतो आणि दुसऱ्याला ते ऐकूच येत नाही. मॅडमनी हे सगळं बसवायला पाच आठवडे घेतले. माझं म्हणणं होतं की पाच दिवस पुरेत.

उशीर व्हायचं कारण मॅडमचा नियम. स्विचवर एकट्याने काही लिहायचं नाही. एकजण टाइप करणार, दुसरा शेजारी बसून कागदावरची ओळ मोठ्याने वाचणार, पडद्यावर तीच आहे का बघणार आणि ‘मार’ म्हणाला की मगच एन्टर मारायचं. शेवटी रजिस्टरमध्ये दोघांची आद्याक्षरं. एक ‘टाइप’च्या रकान्यात, एक ‘वाचन’च्या. दुसऱ्या कंपन्यांतले माझे मित्र हे ऐकून पोट धरून हसायचे. “अरे, बालवाडीत नोकरी करतोस की काय?” म्हणायचे. मी पण त्यांच्याबरोबर हसायचो.

गुरुवारी मी मॅडमशी भांडलो. त्या तीन नंबरच्या रांगेची बातमी इमारतभर झाली होती आणि रोज कोणी ना कोणी ‘आम्हालाही तिथे घ्या’ म्हणून यायचं. ईमेलवाले आले, कॅमेरेवाले आले. हजेरीचं यंत्र सांभाळणारा तो भला गृहस्थसुद्धा आला! मॅडम प्रत्येकाला बसवायच्या, चहा पाजायच्या आणि नाही म्हणायच्या.

“बॅकअपला तरी घ्या हो मॅडम,” मी म्हणालो. “सगळ्या कंपनीचा डेटा आहे. फार रखडतोय. सरांनी वरती शब्द देऊन ठेवलाय.”

“बॅकअपचं यंत्र जुनं आहे, हळू घेतं. ते त्या रांगेत आलं की दर दोन मिनिटांनी ‘थांब’ म्हणणार. आणि मग त्याच्या मागे सगळे थांबणार.”

“एवढं काही होत नाही. जादा माल साठवायला बफर आहेत की.”

“उन्मेष, मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजला होते. चौऱ्याऐंशी साली.”

झालं, मला वाटलं, पुराण सुरू. मी खुर्चीत सरकून बसलो.

“ट्रंक कॉल लावायचो आम्ही. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी. एके दिवशी काय झालं कोण जाणे, बाजारातल्या सगळ्या चादरवाल्यांनी मुंबईला लाइटनिंगच लावले. एकोणीस कॉल! विसावा आला एका डॉक्टरांचा. बाळंतीण अडली होती, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं. मी म्हटलं, तुमच्या आधी एकोणीस लाइटनिंग आहेत. ते म्हणाले, अहो बाई, मग माझा कसला लाइटनिंग?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“एकोणीस चिठ्ठ्या उलट्या ठेवल्या आणि त्यांचा लावला. मला मेमो मिळाला.”

“आणि ती बाळंतीण?”

“ते कोण कळवायला येतं आम्हाला? आम्ही फक्त लाइन जोडायचो,” त्या म्हणाल्या आणि उठून माकडटोपी शोधायला लागल्या. मशिनांच्या हॉलमध्ये थंडी असते, म्हणून सुती साडी, पायात पळायचे बूट आणि कानांवर लाल माकडटोपी अशा वेशात त्या आत जायच्या. नव्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मॅडमना ते दिसायचं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघांनी चोवीसच्या चोवीस स्विच तपासले. सगळं जागच्या जागी होतं. “आता सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” मॅडम म्हणाल्या आणि अर्धी रजा टाकून डोंबिवलीला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या. दीड वाजता सरांचा फोन आला.

“उन्मेष, बॅकअपला त्या रांगेत घाल. सोमवारी अकराला मोठा बॅकअप आहे, तो वेळेत व्हायला हवा. बाईंना सांगत बसू नकोस, उगाच महाभारत होईल. तुला येतं ना हे एकट्याला?”

आता मला विचारा, यातलं काय लागलं मनाला. ‘एकट्याला येतं ना’ हे लागलं. माझ्यासारख्या बार्शीच्या माणसाला असं विचारायचं नसतं. मी म्हणालो, “सर, चहा पिऊन होईपर्यंत करतो.”

आणि केलं. चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि चोवीस स्विचवर सोडून दिली. अकरा मिनिटं लागली. पाच आठवडे म्हणे! स्वतःवर इतका खूश झालो की कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

परत आलो तर समोर रजिस्टर. दर शनिवारी ऑडिटचा माणूस येऊन ते बघायचा आणि रकाना रिकामा दिसला की प्रश्न विचारायचा. मी वेळ लिहिली, ‘टाइप’खाली उ. ख., म्हणजे उन्मेष खटावकर, लिहिलं. ‘वाचन’च्या रकान्यावर पेन धरून जरा वेळ बसलो. मग लिहिलं, इं. भि. त्यांच्यासारखं तिरकं, अनुस्वार जरा ठळक. छान जमलं होतं.

सोमवारी नऊला टेस्ट सुरू झाली. डॉक्टर वाळिंबे स्वतः आल्या होत्या. चुणचुणीत, बुटक्या, पाठीला पिशवी. मोठ्या पडद्यावर एकशे अठ्ठावीस मशिनांच्या एकशे अठ्ठावीस रेघा एका चालीने वर जात होत्या. डॉक्टर त्या रेघांकडे बघत उभ्या राहिल्या, बसल्याच नाहीत. “गेल्या ठिकाणी दोनदा मधेच बंद पडलं,” त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडमनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सगळ्या रेघा खाली आल्या आणि आडव्या झाल्या.

“काय झालं?” डॉक्टर ओरडल्याच.

मॅडम पडद्याजवळ गेल्या. “एकही तुकडा हरवलेला नाही. हे बघा, शून्य. काहीही पडलेलं नाही, पण सगळे जागच्या जागी उभे आहेत.” मग जरा थांबून, “कोणीतरी सारखं ‘थांब’ म्हणतंय.”

मला चटका बसल्यासारखं झालं. घड्याळाकडे बघितलं. अकराचा बॅकअप.

मॅडम खुर्चीत बसल्या, वही उघडली आणि पहिल्या स्विचला विचारलं, तुला कुठल्या दारातून सगळ्यात जास्त वेळा ‘थांब’ आलं? आकडा वहीत लिहिला. त्या दारापलीकडे जो स्विच होता त्याला तेच विचारलं. मग त्याच्या पुढच्याला. घाई नाही, आरडाओरडा नाही. मागे राजाध्यक्ष सर येऊन येरझाऱ्या घालत होते, डॉक्टरांचा फोन वाजत होता, आणि या बाई भाजी निवडावी तशा एकेक आकडा निवडत होत्या. मी हे काम केलं असतं तर तासभर इकडेतिकडे धावलो असतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. चौथ्या स्विचला त्या कुठे पोचणार ते मला दिसलं आणि माझी पाचावर धारण बसली.

“चल आत,” त्यांनी टोपी घातली.

हॉलमध्ये पंख्यांचा इतका आवाज असतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. मॅडम मला सरळ शेवटच्या रांगेतल्या कपाटापाशी घेऊन गेल्या, वाकल्या आणि एका केबलवरचं लेबल वाचलं. बॅकअप. मग त्यांनी वही माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, ‘हा तीन नंबरात कोणी घातला?’

पेनही पुढे केलं. मी ते हातात घेतलं आणि नुसताच उभा राहिलो. त्या थांबल्या. शेवटी मी लिहिलं, ‘मी.’

त्यांनी पेन परत घेतलं. ‘एकट्याने?’

मी मान हलवली. मॅडमनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी नुसती ती केबल उपटली, गुंडाळून कपाटावर ठेवली आणि बाहेर चालायला लागल्या. रजिस्टरचं मी काही सांगितलं नाही. फोनचंही नाही.

बैठकीच्या खोलीत आम्ही चौघेच होतो. सरांनी रजिस्टर आधीच मागवलं होतं.

“शुक्रवार, दुपारी दोन,” त्यांनी वाचलं. “बॅकअप तीन नंबरच्या रांगेत घेतला. टाइप उ. ख., वाचन इं. भि. म्हणजे मॅडम, हे तुमच्या डोळ्यांखालून गेलंय. डॉक्टरांचा अर्धा दिवस वाया गेला. आपलं बोलणं झालं होतं, तुम्हाला आठवत असेल.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. समोर पाण्याचा ग्लास होता, मी तो बघत बसलो. मला सगळं दिसत होतं. एक शब्द न बोलता खुर्ची माझी होणार होती. फक्त गप्प बसायचं. आणि मी गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझे कान गरम होतात.

मॅडमनी चष्मा लावला, रजिस्टर जवळ ओढलं.

“ही आद्याक्षरं माझी नाहीत.”

“मग कोणाची?”

“ज्याने टाइप केलं त्याचीच. शुक्रवारी दोनला मी डोंबिवलीत होते.”

आवाज चढवला नाही, माझ्याकडे बोट दाखवलं नाही. ‘आज सोमवार आहे’ म्हणावं तसं म्हणाल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, ते म्हणतील की मीच सांगितलं होतं. कसलं काय!

“एकट्याने केलंस?” सर माझ्यावर कडाडले. “कोणाला विचारून? आणि खोटी सही? अरे, लाज वाटते का? आत्ताच्या आत्ता ओळखपत्र जमा कर आणि चालू पड.”

मी गळ्यातलं ओळखपत्र काढायला लागलो, तर ते कॉलरमध्ये अडकलं.

“ओळखपत्र संध्याकाळी घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता मला तो हवाय.”

“कशाला?” हे डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज चांगलाच तापला होता. “याच माणसाला पुन्हा हात लावू देणार तुम्ही?”

“हो. मी शेजारी बसणार. त्याने चोवीस ठिकाणी नेमकं काय घातलंय ते त्याला माहीत आहे. मी काढायला गेले तर अंदाजाने काढीन आणि कुठेतरी एक ओळ राहील. ती ओळ मग तुमच्या तिसऱ्या दिवशी वर येईल.” मग त्या सरांकडे वळल्या. “दोनला टेस्ट पुन्हा सुरू करते. फसली तर तुम्ही माझं ठरवलंय तसं करा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मग म्हणाल्या, “दोन. दोन म्हणजे दोन.”

आम्ही बसलो. मी स्क्रिप्ट उघडायला गेलो तर मॅडमनी माझ्या हातावर हलकी चापट मारली. “हाताने. एकेक.”

पहिल्या स्विचला मी तीनदा चुकलो. तिन्ही वेळा त्यांनी तीच ओळ त्याच आवाजात पुन्हा वाचली. रागाने नाही, आणि मला सांभाळून घेतल्यासारखीही नाही. त्यानेच मला रडू यायला लागलं. सहाव्या स्विचला त्यांनी विचारलं, “कोणी सांगितलं होतं?”

“सरांनी. शुक्रवारी दीडला फोन आला होता.”

“मोबाइलमध्ये नोंद आहे?”

“आहे.”

“राहू दे ती. पुढची ओळ.”

“मॅडम, मला माफ...”

“उन्मेष, अजून अठरा स्विच आहेत. टाइप कर.”

दोनला पाच मिनिटं कमी असताना आमचं झालं. केबल त्यांनी स्वतः जाऊन परत लावली. रजिस्टरमध्ये मी माझी आद्याक्षरं लिहिली, त्यांनी त्यांची. संध्याकाळी सरांनी ओळखपत्र मागितलं, तेव्हा मॅडमनी टेस्ट संपेपर्यंत ते त्यांना मिळू दिलं नाही. तीन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून होतो. मंगळवारी अकराला बॅकअप सुरू झाला आणि आपल्या साध्या रांगेतून रखडत, टाकत, पुन्हा पाठवत गेला. तीन नंबरच्या रांगेला त्याचा वाराही लागला नाही. गुरुवारी दुपारी दोनला शेवटची रेघ वर गेली. पडलेले तुकडे शून्य. अकारण थांबे शून्य. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर वाळिंबे आल्या आणि मॅडमचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, “जेवलात का?”

त्याच दुपारी मॅडमनी मला दीड पानाचा अहवाल वाचायला दिला. “यात काही खोटं आहे का बघ.”

झाल्या प्रकाराची कारणं लिहिली होती. पहिलं कारण: इंदुमती भिसे. वाचणारा नसतानाही एकट्याला बदल करता येईल अशी व्यवस्था त्यांनी पाच वर्षं तशीच ठेवली, आणि सोमवारी सुरुवातीआधी पुन्हा तपासलं नाही. दुसरं: उन्मेष खटावकर. एकट्याने बदल केला, दुसऱ्याची आद्याक्षरं लिहिली, विचारल्यावर बदल कबूल केला, आद्याक्षरांबद्दल बोलला नाही. तिसरं: कौस्तुभ राजाध्यक्ष. तोंडी आदेश, फोनवर, शुक्रवारी दीड वाजता. खाली उपाय: यापुढे दोन माणसांचे दोन पासवर्ड पडल्याशिवाय स्विचने बदल घ्यायचा नाही. आणि शेवटी एक ओळ: खटावकर यांना कामावरून काढू नये, तीन महिने त्यांनी टाइप करू नये, फक्त वाचावं.

कोणालाही सोडलं नव्हतं, आणि सुरुवात स्वतःपासून केली होती. मी तो कागद दोनदा वाचला. आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं बघितली, पण आपलं नाव चुकांच्या यादीत सगळ्यात वर लिहिणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“मॅडम, टेस्ट पास झालीय. तुमची जागा राहिलीय. आता सरांचं नाव घातलंत तर ते काहीतरी काढतील आणि...”

“ते खोटं आहे का?”

“नाही.”

“मग?” त्यांनी ईमेल उघडला, डॉक्टरांसकट सगळ्यांची नावं घातली आणि पाठवून टाकला.

दोन दिवस गेले. मग वाळिंब्यांच्या संस्थेचं पत्र आलं. भिसे मॅडम जोवर इथे आहेत तोवर त्यांची मशिनं इथेच राहणार. राजाध्यक्ष सरांना महिन्याभराने चेन्नईला पाठवलं, बढती देऊन. असंच असतं. मला मॅडमच्या शब्दावर ठेवलं.

आणि मग मी तीन महिने वाचलं. सुरुवातीला लाजेने जीव जायचा. माझ्यामागून आलेली मुलं टाइप करायची आणि मी कागद धरून मोठ्याने ओळी म्हणायचो. कँटीनमध्ये कोणी कोणी ‘कीर्तनकार’ म्हणायचं. पण वाचताना मला पहिल्यांदाच दिसायला लागलं की टाइप करताना मी काय बघतच नव्हतो. ओळ बरोबर असते, पण जागा चुकीची असते. जागा बरोबर असते, पण वेळ चुकीची असते. मॅडम रोज संध्याकाळी विचारायच्या, “आज काय दिसलं?” आणि मी सांगायचो. एखाद दिवशी त्या म्हणायच्या, “हे मला नव्हतं दिसलं.” त्या दिवशी मी हवेत तरंगत घरी जायचो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, एका बुधवारी दुपारी, मॅडम स्वतः टाइप करायला बसल्या. वाळिंब्यांच्या मशिनांना दोन बाजूंनी जोडणी होती, ए आणि बी. ए बाजूच्या स्विचवरचं काम दुरुस्तीसाठी सकाळीच थांबवलं होतं. सगळा भार बी वर. त्या ए वरच्या उरलेल्या दोन मुख्य जोडण्या बंद करायच्या, एवढंच काम. पाच मिनिटांचं.

मी ओळ वाचली. त्यांनी टाइप केली. ओळ अक्षर न अक्षर बरोबर होती. मी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघितलं. तिथे स्विचचं नाव असतं.

बी.

त्यांच्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या आणि त्या चुकीच्या खिडकीत होत्या. मी ‘मार’ म्हटलं असतं तर एकशे अठ्ठावीस मशिनांची उरलेली बाजूही तुटली असती. मी पुन्हा बघितलं. मला वाटलं, माझंच चुकत असेल. ही बाई चुकेल? आणि मी तिला सांगणार? खोटी आद्याक्षरं लिहिणारा मी? मॅडमचं बोट एन्टरवर होतं, त्या माझ्या शब्दाची वाट बघत होत्या.

“मॅडम, थांबा!” मी इतक्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या टेबलावरचा माणूस उभा राहिला. “तुम्ही बी वर आहात.”

त्यांनी बोट उचललं. चष्मा काढला, पुसला, लावला, पडद्याजवळ वाकून कोपरा बघितला. मग ओळ खोडली, खिडकी बदलली, पुन्हा टाइप केली. मी वाचली. “मार,” मी म्हणालो. त्यांनी मारलं.

चहा आला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

“मुद्दाम केलंत ना?” मी विचारलं. “मला बघायला?”

“नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. “खरंच चुकत होते.”

“मग?”

“मग काय? गेली दोन वर्षं मला जायचंय. पाय दुखतात, हॉलची थंडी सोसत नाही. पण मी बसले की शेजारचा कागद न बघता ‘मार’ म्हणतो. मॅडम आहेत, त्यांचं कशाला चुकेल! अशांच्या हाती सोडून कशी जाऊ?” त्यांनी कप खाली ठेवला, ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. आतल्या राजीनाम्यावर सगळं लिहून तयार होतं, फक्त तारीख कोरी होती. त्यांनी पेन उघडलं.

“आज किती तारीख?” त्या म्हणाल्या. “मोठ्याने सांग.”